धातूस वाळूशीं बांधिलें त्याची हकीकत

“सगुणे, कोणास कामास लावण्याआधीं तो परत कसा येईल तें पाहावें,” ऐसें रसशाळेच्या थोरल्या काशीताई सांगून गेल्या, तें स्मरून, जगदंबेपुढें दिवा लावून हकीकत लिहिली ऐसी जे, शके सत्राशें एकतीस, शुक्लनाम संवत्सरे, श्रावणमासीं राज्यांत ताप आला. रसशाळेच्या मुख्य सगुणाबाई, त्यांस औषध ठावकें होतें. दोन रस जोडावे लागत, ते आपण होऊन जुडत ना, मधें एक दुर्मिळ धातू लागे. त्याचे कण रसांत विरघळून दोहोंचें लग्न लावीत आणि स्वतः भटजीसारखे कोरेच राहत. परंतु लग्न लागलें कीं भटजी वऱ्हाडांत मिसळे, निवडून काढतां येईना, आणि औषधाबरोबर पोटांत गेला तर विष. धातू राज्यांत एक तोळाच उरला. इतक्यांत नदीपलीकडील वैद्य भागूबाई आल्या आणि बोलल्या, “आमचीं चाळीस लेंकरें तापलीं आहेत. उरला धातूही तुमच्याच औषधांत सरला, तर आम्हीं काय करावें?” सगुणाबाईंनीं देवीपुढें तांदूळ ठेवून वचन दिलें कीं, “इकडील काम होतांच हाच धातू घेऊन मी येईन.”

मग बाईंनीं बारीक वाळू धुतली आणि धातूचा कण कण वाळूस बांधावा ऐसें योजिलें, म्हणजे वाळू गाळिली कीं धातूही तिजबरोबर निघेल. बाईंस अनंताचें व्रत, हातास सवय, त्यांनीं अनंताच्या दोऱ्याप्रमाणें चौदा गांठी मारिल्या. कण खड्यास ऐसा जखडला कीं एकही लग्न लागेना. कारभारी गिरमाजीपंत हळूच म्हणाले, “बाई, भटजी खांबास बांधिला. अक्षता टाकावयास हात तरी सोडा.” बाई हंसल्या, “पंत, तुमची जीभ तेवढी बांधावयाची राहिली.” मग एकच लांब दोरा ठेविला, आणि रस जुडूं लागले, आणि साखर वाटिली. पंतांनीं ती तोंडांत घातली नाहीं. म्हणाले, “काम अर्धें झालें असतां, रस ऊन आहे तोंच वाळू गाळून काढावी. उरल्या रसांत लग्नें लागतच राहिलीं, तर भटजी दोरा तोडून पळाला जाणावें.” तैसें केलें, तों वाळूवांचून लग्नें धडाक्यानें चालूं राहिलीं. बाई त्या दिवशीं फराळासही उठल्या नाहींत. तो रस आटवून, जाळून धातू महत्प्रयासें परत मिळविला, तरी दोन गुंजा गेल्याच.

मग दोरा लांबच ठेविला, परंतु धातूस एका हातीं धरणारा होता तो दोहों हातीं, म्हणजे टोंकाशीं दोन जागीं, धरणारा केला. पुन्हा गाळिलें, तों रस निपचित. वाळू परत घातली, तों लग्नें पुन्हा सुरू. पंत बोलले, “आतां आणा ती साखर.” तीच वाळू धुवून पांच वेळ कामास लाविली, औषध निर्मळ निघालें, आणि राज्याचा ताप उतरला.

एकूण वर्तमान इतकेंच कीं, धातू कामापुरता मोकळा राहिला आणि काम सरतां हातीं आला. दरबारीं चौघडा वाजूं लागला, लोक बाईंस शोधूं लागले. बाईंनीं सकाळचा नेम उरकून ओली वाळू धूतवस्त्रांत बांधिली होती, आणि पायांतल्या वहाणा हातीं घेऊन त्या नदीच्या उतारांत शिरत होत्या.