गेटसरांची डबल बेल

आमच्या घरात इंग्रजी सगळ्यात आधी समजली ती सर्जाला. सर्जा म्हणजे आमचा बैल. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी, पण हा मान माझा नाही, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं, की शेतात वखर चालू असताना सर्जा मधेच खाली बसला. बाबांनी शेपूट पिरगाळली, चुचकारलं, शिव्या दिल्या. तो हलेना. बांधावरून गेटसर चालले होते. त्यांनी छत्री उगारली आणि गरजले, "गेट अप!" सर्जा दचकून उभा राहिला. सर शांतपणे माझ्याकडे वळले.

"पाह्यलं का पोरी? जनावराले कळते. तुले काऊन कळत नाही?"

त्या दिवसापासून सर्जा मराठीत उठेनासा झाला. चौथीत शाळा सोडलेले माझे बाबा रोज सकाळी गोठ्यात जाऊन, इकडेतिकडे बघून, हळूच 'गेट अप' म्हणतात.

सरांचं खरं नाव भास्करराव. ते मास्तर कधीच नव्हते. एसटीत कंडक्टर होते. नोकरीत असताना एकदा लोणारचं सरोवर बघायला निघालेला एक गोरा पाहुणा त्यांच्या गाडीत बसला. तो वाटभर काहीबाही विचारत होता. सरांना त्यातलं एकच कळलं, की प्रत्येक वाक्यात 'गेट' येतो. चढायचं तरी गेट, उतरायचं तरी गेट, परत यायचं तरी गेट. लोणार येईपर्यंत सरांचा सिद्धांत तयार झाला होता. तोच ते आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे.

"पोरहो, इंग्रजीत सीटवर बसणारं क्रियापद एकच. गेट. बाकीचे सारे स्टँडिंग! गाडी तीच राह्यते, फक्त पाटी बदलते. अप लावा, ऑफ लावा, अवे लावा. जशी पाटी, तशी गाडी दुसऱ्या गावाले जाते."

मला हे अजूनही बरोबर वाटतं. आमच्या कॉलेजच्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण खोडून काही काढलं नाही.

निवृत्तीनंतर सरांनी ओसरीवर क्लास काढला. भंगारातून एसटीचा फाटका बाक आणला, आढ्याला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला घंटी. वाक्य चुकलं की एक टोला, म्हणजे थांब. बरोबर आलं की दोन, म्हणजे डबल बेल, जाऊ दे पुढं. जो गप्पा मारेल त्याला "गेट डाऊन!" मग त्यानं अंगणात उभं राहायचं आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत, म्हणजे सरांचा चहा होईपर्यंत, वर चढायचं नाही.

क्लासबाहेरही सरांची गाडी थांबत नसे. लग्नात अक्षता पडल्या की नवरानवरीला "गेट अलाँग". दवाखान्यातून येणाऱ्या प्रत्येकाला "गेट वेल", मग तो डबा पोचवून येत असला तरी. भाजीवाल्या रुख्माबाईनं एकदा लाडानं विचारलं, "सर, वांगे गेट करता का?"

सरांनी वांगं दाबून पाहिलं. "मी गेट करून नाही राह्यलो, बाई. तू गेट रिड ऑफ करून राह्यली. कालचे हायेत हे."

पण मग गावात कॉन्व्हेंटची पिवळी गाडी यायला लागली. भर उन्हाळ्यात टाय लावून पोरं जाऊ लागली. सरपंचांचा नातू इंग्रजी शिकला, असं सरपंच सगळ्यांना सांगतात. पुरावा काय, तर त्याला आता मराठी येत नाही. पाठोपाठ स्टँडजवळ एसीची अकॅडमी निघाली. फलकावर गॉगल लावलेला माणूस आणि 'महिन्याभरात फाडफाड इंग्रजी'. मला वाटतं, गावाला इंग्रजी बोलता यायला नकोच होती, दिसायला हवी होती. सरांच्या ओसरीवर ती दिसत नव्हती.

बाक रिकामा होत गेला. शेवटी मी एकटी उरले.

"सर, एकटीसाठी कशाला त्रास घेता?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"एक पॅशिंजर असला तरी गाडी सोडा लागते," सर म्हणाले आणि छडीनं फळ्यावर टकटक केली. "बोल. गेट अहेड."

त्यांचा पहिला विद्यार्थी त्यांचा मुलगाच. तो बंगळुरूला आहे. दुसरी पुतणी, ती हैदराबादला. ज्याला ज्याला डबल बेल मिळाली तो गावाबाहेर गेला. सरांच्या घरच्या काकू वारल्यापासून घरात घंटी आणि सर दोघंच.

पुण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.साठी माझी मुलाखत व्हिडिओवर झाली, ती याच ओसरीवर. आमच्या घरी रेंज नाही. फोन गव्हाच्या कोठीला टेकवला होता आणि कोठीमागं सर, हातात दोरी. पलीकडच्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "लहान गावातून येताय, पुण्यात कसं निभावणार?" मी कोठीमागं पाहिलं. सरांनी हवेत पाटी काढून दुसरी लावल्यासारखे हात केले.

"आय विल गेट बाय, मॅडम," मी म्हणाले.

सरांना राहवलं नाही. टण्‌ टण्‌!

"हा कसला आवाज?" मॅडमनी विचारलं.

"शेजारी देऊळ आहे," मी म्हणाले. तेवढ्यात सरांनी टोपी काढून आपल्याच घंटीला हात जोडले.

प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी स्टँडवर आईनं शेंगदाण्याची चटणी पुन्हा पुन्हा पिशवीत दाबली. बाबा बॅग खाली ठेवायला तयार नव्हते. सर जुना खाकी शर्ट इस्त्री करून आले होते. ते गाडीत चढले, माझी बॅग वर ठेवली, खिडकीजवळची सीट रुमालानं पुसली. मी वाट बघत होते, आता गेट येईल. गेट इन येईल, गेट सेटल्ड येईल.

"पोचली की फोन कर," सर म्हणाले. "आन उपाशी नको राहू."

एवढंच.

"काका, टाइम झाला," कंडक्टर म्हणाला. तो तरुण होता, सरांना ओळखत होता.

"बेल मी देतो. देऊ?"

"द्या की. तुमचीच गाडी हाये."

गाडी जुनी होती, दोरीची. सरांनी हात वर नेला. आईबाबा खालून हात हलवायला लागले. ड्रायव्हरनं गिअर टाकला, गाडी जराशी हलली.

टण्‌.

एकच. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि वैतागून मागं पाहिलं. "कोण उतरायचं राह्यलं बे?"

सगळी गाडी वळून बघायला लागली. सरांचा हात अजून दोरीवरच होता.

"मीच," सर म्हणाले. "मीच राह्यलो."

ते सीटांना धरत धरत खाली उतरले आणि बाहेरून दार स्वतःच ओढून लावलं. दोनदा हलवून पाहिलं, नीट बसलं का ते.

मग कंडक्टरनं डबल बेल दिली.