श्रीक्षेत्र वेगेश्वर

बहरीनच्या नईम भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या, एक हॉल, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम आणि दोन संसार होते. एका खोलीत स्वरूप आणि मृणाली, दुसऱ्या खोलीत दत्तू आणि प्रभावती. मधली भिंत प्लायवूडची. दत्तू शिंकला की मृणाली सवयीने "शंभर वर्षं जगा" म्हणायची, आणि भिंत म्हणायची, "थँक्यू वयनी."

स्वरूप-मृणालीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मधुचंद्र अजून व्हायचा होता. आधी लीव्ह मिळाली नाही, मग शिफ्ट बदलली, मग राहूनच गेलं. यंदा डिसेंबरात नॅशनल डेच्या दोन सुट्ट्या शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीला चिकटून आल्या, तेव्हा मृणालीने भाजी चिरता चिरता जाहीर केलं, "मला चार दिवस असे हवेत, की भिंत काही बोलणार नाही."

"कुठे जाऊया?"

"लास वेगास."

याला कारण होतं. मृणालीच्या भावाचं लग्न न्यू जर्सीत ठरलं होतं, म्हणून दोघांनी अमेरिकेचा व्हिसा काढला होता. व्हिसा हातात पडला त्या आठवड्यात लग्न मोडलं. नवरी गेली, व्हिसा दहा वर्षांसाठी राहिला. तो वाया जाणं मृणालीला भावाच्या दुःखापेक्षा जास्त लागलं होतं.

स्वरूप मआमीरला एका वर्कशॉपमध्ये एसी टेक्निशियन होता, त्यामुळे वाळवंटात थंड हवा कशी ठेवतात हे बघायची त्यालाही उत्सुकता होती. जायला-यायला मिळून दोन दिवस विमानातच जात होते, म्हणून त्याने पुढे दोन दिवसांची लीव्ह जोडायचं ठरवलं. जाताना घड्याळ अकरा तास मागे जातं, म्हणजे अकरा तास फुकट मिळतात, असं त्याने मृणालीला सांगितलं. येताना ते परत द्यावे लागतात, हे सांगितलं नाही.

तिकिटं निघाली. आता फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

गंगूबाई गुहागरजवळच्या एका वाडीत राहायची. तिथे फोनला रेंज फक्त गोठ्याच्या पायरीवर यायची, आणि गोठ्यात म्हैसही असायची. त्यातून आठच दिवसांपूर्वी स्वरूपने तिला सांगितलं होतं, की गावच्या देवीच्या गोंधळाला यायला अजिबात लीव्ह नाही. त्यामुळे त्याने अगदी हळू आवाजात सुरुवात केली.

"आई, सुट्टीत आम्ही दोघं जरा वेगासला जाऊन येतो."

"कुठं?"

"वेगासला."

म्हैस ओरडली. त्या तालुक्यात वेळणेश्वर, व्याडेश्वर, टाळकेश्वर असे इतके ईश्वर दाटीवाटीने राहतात, की गंगूबाईच्या कानाला शेवटी दुसरं काही ऐकायची सवयच नव्हती.

"येगेसरला?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "देवाला चाललायस?"

"हो," स्वरूप म्हणाला.

खोटं एवढंच. त्यानंतर त्या फोनवर तो एक शब्दही खोटं बोलला नाही.

"जागृत हाय?"

"चोवीस तास. कधी बंदच नसतं."

"कुठं हाय पन?"

"वाळवंटात. सगळीकडे दिवेच दिवे."

"लोक नवस बोलत असतील."

"प्रत्येक जण. डोळे मिटून."

"पावतो?"

"एखाद्याला. पण यायचं कुणी थांबत नाही."

"आनि जेवनाखान्याची सोय?"

"ताट घ्यायचं, हवं तेवढं वाढून घ्यायचं."

"म्हाप्रसाद," गंगूबाई कुणाला तरी म्हणाली. बहुधा म्हशीला. "येताना काय देतात?"

"काही देत नाहीत. जवळ असेल ते तिथंच ठेवायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं."

मग गंगूबाईने नाक ओढलं. "ह्येच खरं देवस्थान, सोन्या. बाकी ठिकानी लोक मागायला जातात."

फोन ठेवल्यावर मृणालीने सुरी बाजूला ठेवली. "तू आईंना सांगितलंस, की लास वेगास हे शंकराचं देऊळ आहे?"

"मी नाही सांगितलं. तिनं ठरवलं. मी फक्त विरोध केला नाही."

"मग आता कर."

"आता कसा करू? ती रडली!"

बातमी गोठ्याच्या पायरीवरून शेजारच्या सुरेखाकडे, सुरेखाकडून वाडीच्या ग्रुपवर आणि ग्रुपवरून बहरीनला यायला वीस मिनिटं लागली. एकविसाव्या मिनिटाला भिंत बोलली.

"भाऊ, देवाला चाल्लायस आनि शेजाऱ्याला सांगत नायस?"

मागोमाग दत्तू स्वतः आला. तो ईसा टाउनमध्ये शाळेच्या पोरांची मिनीबस चालवायचा, आणि कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय असायचा.

"गाडी माझी. बावीस सीट. यल्ला, चला, कधी निघायचं?"

"दत्तूदा, ते लांब आहे."

"बहरीनमधे लांब काय असतंय? वाळवंटात म्हनजे साखीरच्या पल्याड. मी गुगलवर बघितलं, येगेसर मफी, नायच. म्हनजे देव जुना हाय. जाहिरात करत नाय."

स्वरूपला एका सेकंदात काहीतरी सुचणं भाग होतं, आणि त्याला नेहमीप्रमाणे पहिलंच सुचलं. "तिथं फक्त नव्या जोडप्यांना सोडतात. लग्नाला पाच वर्षं व्हायच्या आत."

दत्तूच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्याने मान खाली घातली. दारात उभ्या प्रभावतीने मात्र पदर खोचला. "मग आमचा नारळ तरी न्या."

इथे स्वरूपने 'नाही' म्हणायला हवं होतं. एक नारळ, असा विचार करून तो 'हो' म्हणाला.

आठवडा संपेपर्यंत एकेचाळीस नारळ जमले. खणा-नारळाची ओटी अकरा जणींची आली. प्रभावतीने वहीत नवसांची यादी केली: कुणाच्या मुलाला दहावीत गणित सुटू दे, कुणाचा व्हिसा रिन्यू होऊ दे, कुणाचा नवरा सुधारू दे. शेवटचा नवस दोघींनी एकाच शब्दांत लिहिला होता. खालच्या किराणावाल्या फारुखने स्वरूपला जिन्यात गाठलं. "भाई, इतने नारियल मेरी दुकान से गए हैं, मेरा भी नाम ले लेना वहाँ." नारळ मृणालीच्या बॅगेत मावेनात, म्हणून उरलेले बाथरूममध्ये रचले गेले. आंघोळीला गेलेला माणूस आता एकटा नसे.

"आपण मधुचंद्राला चाललोय," मृणाली दबक्या आवाजात म्हणाली, "आणि माझ्या बॅगेत दोन ड्रेस आणि एकोणीस नारळ आहेत."

"तिथं गेल्यावर टाकून देऊ."

"नवसाचे? टाकणार?"

स्वरूपने वर आलेला एक नारळ परत बॅगेत दाबला. तो विमानाला घाबरत नव्हता, पण नवसाला घाबरत होता.

ऑफिसात लीव्हचे फॉर्म सुजीत बघायचा. तो अमरावतीचा, दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारा, आणि देव या विषयावर त्याचं मत पक्कं होतं: नाही. त्याने फॉर्म वाचला, मग जोडलेलं तिकीट वाचलं, मग परत फॉर्म वाचला.

"काय बे स्वरूप, कारण लिहिलंस 'तीर्थयात्रा' आणि तिकीट लास वेगासचं?"

"आईला बघायला फोटो पाठवायचाय फॉर्मचा."

सगळी हकीकत ऐकून सुजीत इतका हसला, की मॅनेजर मुनीरा मॅडम काचेतून बघायला लागल्या. डोळे पुसत तो म्हणाला, "मी कोणताच देव मानत नाही. पण हा पटला आपल्याला. समोर बसून घेतो, समोर गिळतो. मधे कोणी एजंट नाही." आणि त्याने शिक्का मारला.

सगळं जमलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी गंगूबाईचा फोन आला.

"सोन्या, भावकीतले बाळाआजोबा वारले. सुतक आलं. दहा दिस तुमी दोघांनी देवाला जायचं नाय."

स्वरूपने बोटांवर महिने मोजले. "आई, बाळाआजोबा तर शिमग्याला वारले ना?"

"मला आज कळलं. सुतक कळल्यापासनं धरतात."

"पण मग नारळ..."

"त्याची यवस्था केली. दत्तू आपल्या भावकीतला नाय. त्याला पाठव."

"आई, तिथं फक्त नव्या जोडप्यांना..."

"म्हनूनच गुरवाला बसवला देवीम्होरं, कौल लावला," गंगूबाई शांतपणे म्हणाली. "कळी उजवी पडली, म्हनजे होकार. दत्तू चालंल, प्रभावती चालंल, बावीस सीटा चालतील. आपल्या देवीनं येगेसराशी बोलनं केलंय."

देवांच्या पातळीवर बोलणी झाल्यावर स्वरूपसारख्या टेक्निशियनने मध्ये पडण्यात अर्थ नव्हता.

"आपण गुपचूप जायचं," मृणाली त्या संध्याकाळी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "फ्लाइट बुधवारी संध्याकाळची आहे. हे लोक सकाळीच जातील. सुतकात कॅसिनोला जाऊ नये असं कुठं लिहिलंय? चार वर्षं, स्वरूप. चार."

"जाऊ," स्वरूप म्हणाला. "काही झालं तरी जाऊ."

बुधवारी सकाळी मिनीबस खाली उभी राहिली. तंबू, चटया, गॅसचं छोटं सिलिंडर, एकेचाळीस नारळ आणि बावीस माणसं चढली. चार दिवस तिथेच राहायचं ठरलं होतं, कारण कौलाने दर्शन आहे म्हणून सांगितलं होतं, कधी ते सांगितलं नव्हतं. दत्तूने खिडकीतून डोकं काढलं.

"भाऊ, लोकेशन टाक."

स्वरूपने फोनवर नकाशा उघडला, साखीरच्या पुढची रिकामी पिवळी जागा मोठी केली, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. बस गेली.

वर आल्यावर मृणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बॅगा भरलेल्या होत्या. टॅक्सीला चार तास होते. ती कान देऊन ऐकत होती, म्हणून स्वरूपही थांबला. तेव्हा त्याला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाही.

"चारही शेगड्या मोकळ्या आहेत," मृणाली हळूच म्हणाली.

"हो."

"बाथरूमसुद्धा."

"हो."

तिने आत जाऊन बाथरूमचं दार लावलं. बाहेरून कुणी ठोठावतं का, याची वाट पाहिली. कुणी ठोठावलं नाही. मग ती बाहेर आली, चप्पल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलच्या सोफ्यावर आडवी झाली. सोफा तीन माणसांचा होता. आजवर त्यावर कधी चार जणांपेक्षा कमी बसले नव्हते.

"वेगासला काय काय आहे रे?" तिने छताकडे बघत विचारलं.

"दिवे. गर्दी. आवाज. रांगा."

"आणि जायला?"

"वीस-बावीस तास. मधल्या सीटवर."

मृणालीने सोफ्यावर एक पाय लांब केला, मग दुसरा. "तारीख पुढे ढकलता येते?"

ढकलता येत होती. स्वरूपने ढकलली.

दुपारी दत्तूचा फोन आला. मागे जनरेटरचा आवाज होता.

"भाऊ, पोचलो. देऊळ दिसत नाय."

"स्वयंभू आहे. लगेच नाही दिसत."

"पन एक मोठा धोंडा हाय."

"मग झालं की."

"प्रभावती बी त्येच बोलली."

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज घोगरा झाला होता. थंडीत वाळवंटात तंबू टाकून राहायला आलेल्या शेजारच्या हलिमा नावाच्या बहरीनी आजीने त्यांना वायर ओढून दिवे दिले होते, आणि मोठ्या पातेल्यात मच्छबूस, म्हणजे मटण घातलेला मसालेभात, पाठवला होता, हवा तेवढा वाढून घ्या म्हणून. शाकाहारी मंडळींनी वरचा नुसता भात घेतला. वेळ जाईना म्हणून कुणीतरी पत्ते काढले. पैसे लावायचे नाहीत असं सर्वानुमते ठरल्यामुळे रमी नारळांवर सुरू झाली.

"भाऊ, तू आयला सांगितलंस तस्संच हाय सगळं! दिस कवा मावळला कळलंच नाय. माझे सगळे नारळ खलास. दोघं जन तर नवसाचा नारळ बी हरले."

"मग आता?"

"उठावंसं वाटत नाय रे. लई जागृत हाय."

स्वरूपने फोन ठेवला. मृणाली गॅससमोर उभी होती. तिने चारही शेगड्या पेटवल्या होत्या. एकीवर भात, एकीवर आमटी, एकीवर चहा, आणि चौथीवर काहीच नाही. ती तिने नुसती हक्काने पेटवली होती. स्वरूप तिच्यामागे जाऊन उभा राहिला. ती शिंकली. भिंत गप्प होती. दोघं एकमेकांकडे बघून इतकी हसली, की आमटी उतू गेली.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. गंगूबाई पायरीवर बसली होती, मागे म्हैस होती.

"सुतक पाळताय ना?"

"हो आई. घरातच आहोत."

"दत्तू गेला?"

"गेला. शनिवारशिवाय येत नाही."

"प्रभावती?"

"तीपण. सगळेच गेलेत."

गंगूबाईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि पोराकडे नीट निरखून पाहिलं. "म्हनजे घरात तुमी दोघंच?"

"दोघंच."

"मग मेल्या, फोन कशाला उचललास?" गंगूबाई म्हणाली, आणि तिनेच कट केला.