माझ्या मागे कोणी नव्हतं

काकूंच्या डोळ्यांवर साबण असतानाच न्हाणीघरातला दिवा गेला. बाहेरून "चला, झालं" असा समाधानाचा आवाज आला आणि चपला फटफट करत निघून गेल्या.

"अहो, मी आत आहे."

चपला परत आल्या, दिवा लागला. "अरेच्चा. दिवा कोणी घालवला?" काकांनी विचारलं.

काका बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. वाचनालयाला बारा खोल्या, आणि प्रत्येक दाराच्या उजव्या हाताला खांद्याच्या उंचीवर बटण. रोज बंद करायच्या वेळी आत कोणी राहिलं नाही ना ते बघत सगळ्यांच्या शेवटी निघायचं, एकेक दिवा घालवायचा आणि दर बटणाला "चला, झालं" म्हणायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हाताला कोणी कळवली नव्हती. विचारलं तर म्हणत, "मी कशाला घालवू?" आणि माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

त्या दिवशी दोघं गुहा बघायला निघाली होती. जमिनीखाली चार दालनं आणि चौथ्या दालनात तळं. त्या तळ्याचं चित्र काकूंनी शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं, तेव्हापासून जायचं होतं. आधी मुलांच्या परीक्षा आल्या, मग सासूबाईंचं आजारपण, मग दर वर्षी वाचनालयातली पुस्तकांची मोजदाद. आता पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यानंतर असल्या पायऱ्यांचं नावही काढायचं नाही. तेव्हा आज नाही तर कधीच नाही.

गुहेच्या तोंडाशी पाटी होती. काकांनी ती सवयीप्रमाणे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, "दिव्यांच्या बटणांना कोणीही हात लावू नये." वर बारा जणांच्या तुकडीकडे चष्म्यावरून असं पाहिलं, की एका गृहस्थांनी खिशातले हात आणखी आत घातले.

गाईड मुलगी खूश झाली. "काका, तुम्ही शेवटी चालाल का? कोणी मागे राहिलं नाही ना, बघायला."

"माझा अनुभव आहे," काका म्हणाले.

काकू पुढे निघाल्या. कठडा धरून, एकेक पायरी, गुडघ्याला मनातल्या मनात चुचकारत.

पहिलं दालन बघून सगळे पुढच्या वाटेत शिरले आणि मागे ओरडा झाला. दहा मिनिटांच्या अंतरानं येणारी मागची तुकडी काळोखात उभी होती. गाईड पळत गेली, दिवा लावून आली. "बटण कोणी दाबलं?"

कोणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी शेवटी होतो," काकांनी पुढे होऊन साक्ष दिली. "माझ्या मागे कोणी नव्हतं."

त्यामुळे तर गोंधळ वाढलाच. दुसऱ्या दालनातून निघताना लोक मागे वळूनवळून चालत होते, आणि जो तो पुढे बघतोय अशा नेमक्या क्षणी दिवा पुन्हा गेला.

"माझ्या मागे कोणी नव्हतं," काका पुन्हा म्हणाले, पण आता त्यांचाच आवाज जरा बारीक झाला होता. खिशात हात घातलेले गृहस्थ म्हणाले, "कोणी नव्हतं तर मग गेला कसा?" त्यांच्या बायकोनं त्यांना गप्प केलं, कारण तिला उत्तर ऐकायचं नव्हतं.

गाईडनं वॉकीटॉकीवर ऑफिसला विचारलं. ऑफिस म्हणालं, वायरिंग ठीक आहे, पण नियम म्हणजे नियम. दिवे तीनदा गेले की दोन्ही तुकड्यांनी आल्या वाटेनं परत फिरायचं.

तळं दोन दालनांवर होतं. आणि त्यांनी त्या अंधारात एक गोष्ट ऐकली होती, जी घरी त्या रोज सात-आठ वेळा ऐकत असत. "चला, झालं."

सांगून उपयोग नव्हता. काका बिचारे शपथेवर नाही म्हणाले असते, भांडण झालं असतं आणि तेवढ्यात हातानं आपलं काम केलं असतं. काकू मागे आल्या, काका आणि भिंत यांच्या मधे शिरल्या आणि त्यांचा उजवा हात घट्ट धरला.

काका गडबडले. "काय गं? गुडघा दुखतोय?"

"हो. गुडघाच."

तिसऱ्या दालनातून निघताना तो हात खरोखरच वर उठला. काकूंनी सगळा जोर लावून तो खाली दाबला. काकांना वाटलं, बायकोनं मायेनं हात दाबला. त्यांनीही परत दाबला आणि कानापर्यंत लाल झाले. पुढून एक नवी नवरी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, शीक काहीतरी."

आणि मग तळं आलं. हिरवं, स्वच्छ, इतकं शांत की छत कुठलं आणि पाणी कुठलं ते कळेना. पुस्तकातलं चित्र अगदीच गरीब होतं म्हणायचं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण एक हात काकांना धरून होता आणि दुसरा कठड्याला.

"चला, पाच मिनिटं झाली," गाईड म्हणाली. "पुढे बाहेर जायची वाट. इथून परत मागे यायचं नाही हं."

"पाचच?" काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं वाट बघितली आणि पाच मिनिटं?

सगळे वाटेत शिरले. सगळ्यांत शेवटी काका-काकू, हातात हात घालून. काकूंनी वळून एकदा तळ्याकडे पाहिलं.

दिवा गेला.

मागे ओरडा, पुढे ओरडा. गाईड धापा टाकत आली. काका तर पार चक्रावले होते. "अहो, माझा हात हिच्या हातात होता. आणि खरं सांगतो, माझ्या मागे कोणी नव्हतं."

"नव्हतंच," काकू म्हणाल्या. "मी त्यांच्या शेजारी होते."

गाईडनं कपाळाला हात लावला. "तिसऱ्यांदा झालं. आता सगळ्यांना परत फिरावं लागेल, पुन्हा तळ्यावरून. आणि मागची तुकडी तिसऱ्या दालनाकडच्या अरुंद वाटेतून बाहेर पडेपर्यंत अर्धा तास तरी तिथेच थांबायचं. काकू, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघते," काकू म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

मग काकांचा हात सोडून त्या सगळ्यांच्या पुढे तळ्याकडे निघाल्या. जाताजाता त्यांच्या तोंडून अगदी हळू निघून गेलं, "चला, झालं."

काका जागच्या जागी थांबले. हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय, एवढं त्यांना वाटलं, पण कुठे ते काही आठवेना.