ज्योत्सनाच्या दुकानावरचा झेंडा

शहापूरला हायवेच्या कडेला ज्योत्सना मासोळ्यांचं दुकान लावणार असं ठरलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, म्हणजे चंदननं, एकच काम अंगावर घेतलं. दुकानावर लावायचं चित्र! (बाकीची सगळी कामं तिनं आधीच उरकली होती.)

जुन्या छत्रीचं काळं कापड, भिजवलेला चुना आणि मोबाइल घेऊन स्वारी अंगणात बसली. व्हिडिओ बघत बघत मासा काढला. त्याची आई, रेवताबाई, वाकून म्हणाली, "वांगं मस्त जमलं रे बाबू."

चंदन मासा पुसतोय तोवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. समुद्री चाच्यांचा झेंडा, स्टेप बाय स्टेप. आधी गोल काढा. गोल चंदनला येत होता! मग डोळ्यांचे खड्डे, नाक, दात, खाली हाडांची फुली. जन्मात पहिल्यांदा त्याचं चित्र व्हिडिओतल्यासारखं दिसलं. त्याला स्वतःचा भारी अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला की चंदन विचार करणं थांबवतो.

"हा कोन होय?" रेवताबाईनं विचारलं.

"समुद्रातले डाकू, माय. पान्यावरच्या लोकायचा झेंडा होय हा. आपनबी पान्यावरचेच ना!"

"दात तं शेजारच्या श्यामरावसारखे हायेत."

सकाळी ज्योत्सना तलावावरून ताजे रोहू घेऊन आली आणि घाईघाईत टिनाखाली बसली. चंदननं आधीच टांगलेला झेंडा नेमका तिच्या डोक्यावर, त्यामुळे तिला तो दिसेना. गाड्या हळू व्हायच्या, लोक वर बघायचे आणि निघून जायचे. ऊन चढलं. पहिल्याच दिवशी माल नासणार, या विचारानं तिला रडू यायला लागलं.

शेवटी एक जण थांबला. "वहिनी, औषध टाकून मारल्या का मासोळ्या?"

"कोन म्हनते असं?"

"तुमीच तं बोर्ड लावला!"

त्याच्या मागचा ओरडला, "टिनाले हात नोको लावू बे, करंट हाय!"

ज्योत्सना बाहेर आली. तिनं वर पाहिलं. मग बाजूला उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"हे कसं काय काढलं तुमी?"

"सोपं हाय. आधी गोल काढाचा..."

झेंडा उतरला तशी गिऱ्हाइकं आली, पण दुपार झाली होती. अर्धा माल उरला. "आता उरलेलं तुमीच रांधा," ज्योत्सना म्हणाली. चंदननं निमूटपणे रस्सा केला. (व्हिडिओ बघून, स्टेप बाय स्टेप.)

हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरात आला, तर चुलीवरच्या रश्श्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, तोच झेंडा लटकत होता.

"अवं, हा इथं काहून लावला? दुकानावर तं चालला नाही तुले!"

"तिथं तो खोटा होता," ताटं मांडत ज्योत्सना शांतपणे म्हणाली. "इथं बरोबर हाय. मी रस्सा चाखून पायला."