यंत्र खोटं बोलत न्हाय

आमच्या शेजारच्या मगदूम अण्णांना कलिंगड दिलं, तर ते आधी त्यावर यंत्र फिरवतात. "वरनं बघून काय कळतंय?" हे त्यांचं पालुपद. माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केलेत, भरीव आणि पोकळ. मी शाळामास्तर कोणत्या प्रकारात, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेल्या लोखंडात पोकळी राहिली का, हे तपासण्यात अण्णांचा जन्म गेला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर घरात स्वस्थ बसवेना, तेव्हा तुपाचे दोन डबे कापून, जुन्या लॅपटॉपला जोडून त्यांनी हे मायक्रोवेव्हचं यंत्र बनवलं. लहरी भिंतीत, लाकडात शिरतात, आत काही लपलेलं असलं की परततात आणि पडद्यावर आकार उमटतो. 'मायक्रोवेव्ह' एवढंच ऐकून माझी बायको थंड भाकऱ्या घेऊन गेली होती.

"वहिनी, ह्यात भाकरी तापत न्हाय," अण्णा खेकसले, "पण आत खडा असला तर सांगतो की!"

समोरच्या देसाईकाकूंची कानातली कुडी हरवली, म्हणून अण्णांनी त्यांची गादी तपासली. कुडी नाही, देसायांची तंबाखूची डबी दिसली. देसाई बायकोच्या मागून 'सांगू नका' म्हणून हात जोडत होते. "यंत्र खोटं बोलत न्हाय!" अण्णांनी जाहीर केलं. महिनाभर त्या घरात अबोला होता.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या मुलानं स्वयंपाकघराला नव्या फरशा बसवायला गवंडी आणला. ओट्यामागची भिंत फोडायची होती. अण्णांनी आधी यंत्र फिरवलं. पडद्यावर डबीएवढा गोल ठिपका चमकला. मी शेजारीच उभा होतो.

"आत लाइटीची वायर हाय," अण्णा गवंड्याला म्हणाले. "हितं हातोडा लावायचा न्हाय."

तेवढी जागा न फोडता वरूनच फरशी लावायचं ठरलं. मुलगा आणि गवंडी बाहेर गेले तसं मला राहवेना. "अण्णा, वायर गोल कशी?"

अण्णा ओट्याला टेकले. "हितं कोनाडा होता, मास्तर. बुजवताना हिनं आत काय तर ठेवलं. इचारलं की हसायची. म्हणायची, वळका बघू."

"मग फोडून बघा की एकदा."

"बघितलं तर सपलंच की. आता रोज सकाळी च्या पिताना एक नाव घेतो. आज म्हटलं, कुंकवाचा करंडा."

मी हळूच विचारलं, "मग? काय म्हणाल्या काकू?"

"चुकलासा म्हणाली," अण्णा म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.