धोंडोपंतांची चढाई

डोंगरावर जायचं हे नवऱ्याने ठरवलं. त्याआधी घरी तालीम करायची हे मी ठरवलं. पुढे जे काही घडलं त्यात त्याच्या निर्णयाचा वाटा फार थोडा आहे, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते.

ठमी व्हायच्या आधी आम्ही दोघांनी पुष्कळ भटकंती केली आहे. एका तंबूत पाच रात्री काढल्या, नदी चुकीच्या बाजूने ओलांडली, एकदा तर नकाशाच वाऱ्याने उडून गेला आणि आम्ही तासभर हसत बसलो होतो. ती हसणारी बाई मीच होते. (फोटो आहेत, म्हणून विश्वास ठेवायचा.) आता ठमी तेरा महिन्यांची आहे आणि मी तिला घेऊन जिना उतरतानासुद्धा कठडा सोडत नाही.

यात थोडा दोष माझ्या नोकरीचाही आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, जो कोणीही वाचत नाही, तो मी लिहिते. 'क्वचित आढळणारे परिणाम', 'अत्यंत क्वचित आढळणारे परिणाम'. सात वर्षं हे लिहिल्यावर आणि त्यातच आई झाल्यावर माणसाला घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात असा एक कागद दिसायला लागतो. चमचा: क्वचित, डोळ्याला इजा. मोजा: अत्यंत क्वचित, पण अशक्य नाही.

म्हणून नवरा जेव्हा म्हणाला, "येत्या रविवारी ठमीला पाठीवर घेऊन डोंगर चढू. दोन तासांची वाट आहे, आपण तर ती गप्पा मारत चढायचो," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. मी फक्त म्हटलं, "आधी तालीम."

पाठीवर मूल घ्यायचं कॅरियर आणलं. त्याला उभं राहायला पाय, वर छप्पर, पुढे जाळीचा पडदा. ठमीचं वजन नऊ किलो दोनशे ग्रॅम. मी तेवढेच तांदूळ मोजून एका पिशवीत भरले, पिशवीला ठमीचं पिवळं जाकीट घातलं आणि वर ठमीची तसलीच पिवळी टोपी बांधली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी नवरा त्या पिशवीला पाठीवर घेऊन चार मजले चढायचा आणि उतरायचा. मी मागून सूचना द्यायचे.

"सावकाश! मान हलली तिची."

"तांदळाची?"

"सवय लागायला नको?"

पिशवीचं नाव धोंडोपंत त्यानेच ठेवलं. ठमीला धोंडोपंत फार आवडले. त्यांच्यापाशी जाऊन ती "धों, धों" करायची आणि टोपीला गाल लावून बसायची. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, मागच्या सीटवर झोपलेली ठमी आणि तिच्या शेजारी सासूबाई. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्ही वर गेलात की मी इथल्या तळ्याभोवती एक फेरी मारून येईन."

मी दिवसभराच्या कामांची यादी टाइप करून आणली होती. कामाच्या समोर 'जबाबदारी' असा रकाना. कलम चार: धोंडोपंतांना बसवून पट्ट्यांची शेवटची तपासणी, जबाबदारी नवरा. ते झालं. कलम पाच: धोंडोपंतांना काढून, त्यांचं जाकीट-टोपी ठमीला घालून तिला बसवणे. जबाबदारी: दोघांची.

हे 'दोघांची' मी मुद्दाम लिहिलं होतं. ठमीला पहिल्यांदा डोंगरावर नेताना दोघांचेही हात लागावेत, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं. औषधाच्या कागदावर मी असं कधीच लिहीत नाही.

मी बाटल्या भरायला नळावर गेले. नवरा तिथल्या पहारेकऱ्याला वाट विचारायला गेला. परत आलो तेव्हा कॅरियर गाडीच्या मागे उभं होतं, जाळी खाली आणि जाळीच्या आत पुढे झुकलेली पिवळी टोपी. मी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही मान डोलावली. मनातल्या मनात मी म्हटलं, बघ, न उठवता बसवलं त्याने, उगीच आपण त्याला धांदरट म्हणतो. (त्याने माझ्याबद्दल काय म्हटलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.)

ठमी अर्धवट झोपेतून उठली तर तासभर रडते. म्हणून माझा नियम होता: झोपेत जाळी उघडायची नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही. पुढच्या काचेतून सासूबाईंचे मिटलेले डोळे तेवढे दिसले, म्हणून त्यांनाही न उठवता आम्ही कुजबुजत डोंगर चढायला लागलो. दर वीस मिनिटांनी मी जाळीजवळ बोट नेऊन श्वास बघत होते. बोटाला मंद, गार झुळूक लागायची. उघड्या डोंगरावर सगळीकडेच तशी झुळूक होती, हे मला सुचलं नाही.

एका वळणावर मी म्हटलं, "किती शांत झोपली आहे रे. घरी अर्धा तास झोपत नाही सलग."

"हवा चांगली आहे," तो कुजबुजला.

कुजबुजत बोलायचं असलं की माणूस भांडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बरेच महिने आमचं बोलणं म्हणजे दूध संपलं, लस कधी आहे, टॉवेल कुठे आहे. त्या चढावर तो हळूच म्हणाला, "मला आपली आठवण येते."

"कोणाची?"

"आपली. तुझी न् माझी. नकाशा उडाला होता तेव्हाची."

मी म्हटलं, "मला भीती वाटते रे. मी जरा नजर हलवली आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?"

"मग मी असेन ना."

"आणि तुझीही नजर हलली तर?"

त्याने हात मागे केला आणि मी तो धरला. उरलेली वाट आम्ही तसेच चढलो. मधेच मी पुढे होऊन जाळीवरूनच त्या टोपीची पापीसुद्धा घेतली. (हे इथे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.)

माथ्यावर पोचलो. खाली तळं चमकत होतं. त्याने कॅरियर सपाट दगडावर उभं केलं. मी मऊ शिजवलेल्या गाजराचा डबा उघडला, चमचा पुसला आणि लाडात म्हणत जाळी वर केली, "उठा आता, ठमाबाई."

टोपीखाली पिशवीची गाठ होती.

चमचा धोंडोपंतांच्या टोपीपाशी थांबला.

"तू बसवलंस ना तिला?" मी विचारलं.

"मी? तू बसवलंस ना?"

"मी पाणी भरत होते!"

"मी वाट विचारत होतो!"

"म्हणजे ती गाडीतच आहे."

"आईजवळ आहे."

"आई तळ्यावर फेरीला जाणार होत्या."

ऊन डोक्यावर येत होतं. बंद गाडी, मागची सीट, उन्हात तापलेल्या काचा. फोन काढला तर डोंगरावर रेंज नाही. सात वर्षांत मी अत्यंत क्वचित आढळणाऱ्या शेकडो गोष्टी लिहिल्या, पण ही एक गोष्ट माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती. नवऱ्याने कॅरियर पाठीवर टाकलं आणि आम्ही धावत सुटलो.

दोन तासांची वाट आम्ही पाऊण तासात उतरलो. दोनदा मी पडले. गुडघा फुटला, बाटली घरंगळून गेली, चमचा मात्र हातातच राहिला. आणि एका उतारावर, डोळ्यांना धारा लागलेल्या असताना, मी मागून ओरडले, "अरे हळू, मान सांभाळ तिची!"

तो धावता धावताच म्हणाला, "तांदूळ आहेत गं ते!" त्याचा आवाज रडवेला होता. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

गाडीची चारही दारं सताड उघडी होती. झाडाखाली सतरंजी होती. सतरंजीवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर केळं खाणारी ठमी. मी तिथेच खाली बसले. हुंदका आवरेना.

सासूबाईंनी आधी मला पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "एवढ्या लवकर कशाला आलात? आम्ही मजेत आहोत."

"आई, तुम्ही आम्हाला हाक का नाही मारलीत?" नवऱ्याने धापा टाकत विचारलं.

"तुम्ही दोघं चवड्यांवर, ओठांवर बोट ठेवून निघालात. मला वाटलं, दोघांनाच जायचंय आणि सांगायला लाजताय. मी झोपेचं सोंग घेतलं."

"पण तळ्यावर..."

"नात गाडीत असताना मी तळ्यावर जाईन होय रे?" त्या अगदी सहज म्हणाल्या. मला मात्र ते लागलं. माझ्या यादीत चोवीस कलमं होती आणि एकाही कलमात त्यांच्यावर काहीही सोपवलेलं नव्हतं.

"आणि आम्ही तांदूळ घेऊन डोंगर का चढतोय, असं नाही वाटलं तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण पंधरा दिवस तुम्ही घरीही तेच करत होतात. मी कशाला विचारू?"

एवढ्यात ठमीने आमच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला, तिने दोन्ही हात पसरले आणि डुगडुगत निघाली. मी फुटक्या गुडघ्यावर बसून हात पुढे केले. ती माझ्या काखेखालून गेली, कॅरियरपाशी थांबली, जाळीत तोंड घातलं आणि "धों, धों" करत धोंडोपंतांना गच्च मिठी मारली.

ते तांदूळ शिजवायची आता घरात कोणाची हिंमत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरलं आहे. मी यादी सुधारली. कलम पाच: कॅरियरमध्ये ठमीच आहे याची खात्री करणे, जबाबदारी: मी. या वेळी शहाणपणाने यादी आधी सासूबाईंना दाखवली आणि काही बदल हवा का असं विचारलं. त्या दुसऱ्यांच्या कामात कधीच तोंड घालत नाहीत. त्यांनी नुसती पेन्सिल मागून घेतली, कलम पाचमधलं 'मी' हलकेच खोडलं आणि त्याच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'धोंडोपंत'.