राजे आज जेवले नाहीत

दावे विभागातल्या अधिकाऱ्यांचा रक्तदाब वाढला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना रोज थोडा वेळ मासा बघत बसायला सांगितलं. अधिकारी विमा कंपनीत होते आणि लोकांचे दावे नामंजूर करणं हे त्यांचं काम होतं. ते काम ते इतक्या सचोटीने करत की जळालेल्या दुकानाचा मालक राख घेऊन आला, तरी "ही राख त्याच दुकानाची कशावरून?" असं शांतपणे विचारत. एवढ्या शांतपणाचा ताण कुठेतरी निघणारच. तो रक्तवाहिन्यांवर निघाला.

माशांच्या दुकानदाराने प्लास्टिकच्या पेल्यातला बेटा जातीचा एक निळा मासा पुढे केला. झालरीसारखे लांब पर, आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू आपणच न विचारता त्याच्या केबिनमध्ये शिरलो आहोत.

"याला काही लागत नाही साहेब," दुकानदार म्हणाला. "एकटाच राहतो. कोपऱ्यात ठेवा, दोन दाणे टाका. तक्रार म्हणून नाही."

अधिकाऱ्यांना हा स्वभाव फार आवडला. घरी येऊन त्यांनी माशाचं नाव 'राजे' ठेवलं आणि त्यांना काचेच्या बरणीत सोडलं. अधिकाऱ्यांचे वडील, म्हणजे बाबा, काठी टेकत बघायला आले.

"छान आहे रे. पण बरणी लहान होतेय त्याला."

परक्याने दिला की सल्ला, घरच्याने दिला की कटकट. अधिकाऱ्यांनी कटकट कानाआड केली, बरणीचा फोटो काढला आणि 'जबाबदार बेटा पालक' नावाच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुप त्यांच्यावर तुटून पडला. "तुम्ही स्वतः बादलीत राहाल का?" असं एका ताईंनी विचारलं. दुसऱ्या एका पालकाने नुसतेच रडके चेहरे पाठवले. ग्रुपवर एक ज्येष्ठ मार्गदर्शक होते, त्यांना सगळे पाणीमास्तर म्हणत. त्यांनी मात्र समजुतीने लिहिलं, "दादा, मुक्या जिवाला बोलता येत नाही. त्याच्या मनातलं आपणच ओळखायचं असतं."

हे वाचून अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. आजवर त्यांची गाठ फक्त बोलणाऱ्यांशी पडली होती, आणि बोलणारा खोटं बोलतो हा त्यांचा पक्का अनुभव होता. न बोलणाऱ्याचा दावा त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केला.

मोठी टाकी आली. पाणी उबदार ठेवायला हीटर आला, मंद धारेचा फिल्टर आला, थर्मामीटर आला, राजे उडी मारतात म्हणून झाकण आलं आणि त्यांना एकांत मिळावा म्हणून मातीची गुहा आली. आता जागा. पाणीमास्तरांच्या म्हणण्यानुसार तिथे थेट ऊन नको, वर्दळ नको, टीव्ही नको, दाराची आदळआपट नको. घरात अशी एकच खोली होती आणि तीत बाबा राहत होते.

"बाबा, राजेंना शांतता लागते हो," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही काय, दिवसभर पडूनच असता. इथे पडलात काय आणि हॉलमध्ये पडलात काय."

"आणि मला काय बँडबाजा लागतो?" बाबांनी विचारलं. त्यांची गादी हॉलमध्ये गेली.

पण बाबा खोकले की भिंतीपलीकडे राजे गुहेत शिरत. व्हिडिओ पाहून पाणीमास्तरांनी निदान केलं: कंपनं. खोकल्यावर उपाय करण्यापेक्षा खोकणारा हलवणं सोपं होतं. बाबा गॅलरीत गेले. गॅलरीला काचा होत्या, त्यामुळे तिला खोली म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

"अरे, इथे थंडी वाजते," बाबा म्हणाले.

"थंडी वाजते म्हणजे नेमकं काय होतं?"

"थंडी वाजते म्हणजे थंडी वाजते! याला आणखी काय सांगायचं?"

"हे फार मोघम झालं, बाबा. किती वाजते?"

किती ते मोजता आलं असतं. पण घरातला थर्मामीटर टाकीत होता आणि तो काढला तर राजेंच्या पाण्यावर लक्ष कोण ठेवणार? पुराव्याअभावी थंडी नामंजूर झाली. बाबांकडे त्यांचा स्वतःचा एक जुना हीटर होता. तो लावला की घराचा फ्यूज उडे आणि टाकी गार पडे. सूनबाईंनी बिनतोड मुद्दा मांडला: माशाला पांघरूण घालता येत नाही, बाबांना येतं. जुना हीटर माळ्यावर गेला आणि बाबांना एक जास्तीचं पांघरूण मिळालं.

त्यानंतर बाबा बोलायचे बंद झाले. तक्रार निकाली निघाली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

"रुळले हो बाबा गॅलरीत," अधिकारी पाहुण्यांना सांगत. "त्यांना काही लागत नाही. एकटं राहायलाच आवडतं."

आणि मग ऐन थंडीत ते संकट आलं. राजेंनी दाण्याला तोंड लावलं नाही. रंग उतरला, पर मिटले, राजे तळाशी कलंडून राहिले. "राजे आज जेवले नाहीत," अधिकाऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं. अधिकाऱ्यांनी रजा टाकली. आई गेली तेव्हा त्यांनी अर्ध्या दिवसात आटोपतं घेतलं होतं. या वेळी पूर्ण आठवडा घेतला. ग्रुपवर प्रार्थना सुरू झाल्या. "पाणी किती?" पाणीमास्तरांनी विचारलं. सव्वीस अंशांवर असायला हवं होतं, ते बावीसवर उतरलं होतं. हीटर बिघडला होता. अधिकारी धावत जाऊन नवा घेऊन आले. गॅलरीतलं ताटही त्या दिवसांत जसंच्या तसं परत येत होतं. सूनबाई ते ओट्यावर झाकून ठेवत आणि पुन्हा टाकीपाशी येऊन बसत. पाणी एकदम तापवायचं नव्हतं, हळूहळू चढवायचं होतं. नवरा-बायको आळीपाळीने जागले. चोवीस झालं, पंचवीस झालं. सव्वीसला राजेंनी एक पर हलवला.

सकाळी राजे वर आले. हवेचा घोट घेतला, एक दाणा खाल्ला, तोंडातून टाकून दिला, पुन्हा खाल्ला. पाण्यावर त्यांनी बुडबुड्यांचं एक छोटं घरटं बांधलं होतं. बेटा सुखात असल्याची ती खूण असते, असं पाणीमास्तरांनी लिहिलं, आणि ग्रुपने अधिकाऱ्यांना एकमुखाने 'वर्षातील सर्वांत संवेदनशील पालक' ठरवलं. अधिकाऱ्यांचा रक्तदाबही उतरला. सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

राजे जेवले, हे वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. वाटायलाच हवं, तुम्ही काही दगड नाही. पाणी बावीसवरून सव्वीसवर चढेपर्यंत तुम्हीही टाकीपाशीच बसून होता. ओट्यावर झाकलेल्या ताटाचं पुढे काय झालं, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.

हरकत नाही. गॅलरीतूनही तशी तक्रार आलेली नाही.